पस मॉथ १:२४ : जुन्या टपाल विमानाचं बाल्सा मॉडेल, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

'पहिलं मॉडेल कुठल्या विमानाचं करू?' असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा स्पिटफायर किंवा मिग आधीच ठरलेलं असतं. कोणीतरी मान डोलवावी एवढीच अपेक्षा असते. मी डोलवत नाही. लढाऊ विमानाचं अंग सगळीकडून गोलाईदार, पंख निमुळते, प्रत्येक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, वेगळ्या मापाची. नवखा माणूस अर्ध्यात कंटाळतो आणि सांगाडा माळ्यावर जातो. त्यापेक्षा डी हॅविलंड कंपनीचं डीएच ८०ए, म्हणजे पस मॉथ घ्या. एक इंजिन, पुढे पायलट, मागे दोन प्रवासी, बंद केबिन आणि वर एकच सरळ पंख. धड जवळजवळ चौकोनी. पंखाची रुंदी टोकाच्या गोलाईपर्यंत एकसारखी, त्यामुळे जवळपास सगळ्या रिब्ज एकाच साच्यातून निघतात. पहिल्या कामाला एवढी सवलत पुरेशी आहे.

शिवाय हे विमान आपल्या ओळखीचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथमधूनच. लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत आणत. तिथून पुढची जबाबदारी टाटांच्या नव्या सेवेची. जुहूहून टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला पोचवलं. जे. आर. डीं.च्या त्या विमानाची नोंदणी-अक्षरं व्हीटी-एडीएन. आपण तेच करायचं.

हे मॉडेल शोकेसमध्ये ठेवायचं आहे, उडवायचं नाही. रबरावर उडणारं मॉडेल हे वेगळं प्रकरण आहे. तिथे एकेक ग्रॅम वाचवावा लागतो आणि दिसण्याशी तडजोड करावी लागते. दोन्ही एकदम साधायला गेलात तर ना ते उडेल, ना ते बघवेल. प्लास्टिकचे तयार संच मिळतात आणि ते वाईट नसतात, पण ज्या विमानाच्या पंखात लाकूड, धडात पोलादी नळ्या आणि वरून सगळीकडे कापड ताणलेलं, ते बाल्सा नावाच्या हलक्या लाकडात आणि कागदात जितकं खरं दिसतं तितकं प्लास्टिकमध्ये दिसत नाही.

रोज तासभर दिलात तर दीड-दोन महिन्यांत काम उरकतं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ सांगाडा सरळ ठेवण्यावर घालवा. नवखे लोक रंगाची चिंता पहिल्या दिवसापासून करतात. रंग खराब झाला तर खरवडून परत देता येतो. पीळ पडलेला पंख मात्र दहा फुटांवरूनही ओळखू येतो आणि कितीही सुबक अक्षरं रंगवली तरी लपत नाही.

आराखडा आणि माप

त्रिदर्शनी आराखडा मिळवा, म्हणजे बाजूने, वरून आणि समोरून काढलेला. पस मॉथची २८४ विमानं बनली आणि बरीच गाजली, त्यामुळे आराखडे आणि फोटो दोन्ही शोधले की सापडतात. स्कॉटलंडच्या ईस्ट फॉर्च्यून इथल्या राष्ट्रीय विमान संग्रहालयात एक पस मॉथ आहे. त्याचे जवळून काढलेले फोटो केबिन आणि चाकांच्या जोडणीसाठी फार उपयोगी पडतात. मात्र आराखडा पस मॉथचाच आहे ना, हे पाहून घ्या. लेपर्ड मॉथ हे त्याचं धाकटं भावंड, वरवर सारखं दिसतं, पण त्याचे पंख निमुळते आहेत आणि मागचे दोन प्रवासी शेजारीशेजारी बसतात. पस मॉथमधल्या मागच्या जागा किंचित पुढेमागे आहेत. १९८२ मध्ये जे. आर. डीं.नी वयाच्या ७८ व्या वर्षी त्या पहिल्या उड्डाणाची पुनरावृत्ती केली ती लेपर्ड मॉथमधून, त्यामुळे या दोन विमानांच्या फोटोंची सरमिसळ सर्रास होते.

खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२० मीटर, लांबी ७.६२ मीटर. १:२४ च्या प्रमाणात पंख ४६.७ सेमी आणि लांबी ३१.७ सेमी येते. म्हणजे धडाचं चित्र ए४ कागदावर मावत नाही, ए३ वर घ्यावं लागतं. झेरॉक्सवाल्याला 'ॲक्चुअल साइझ' असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो कागदात बसवण्याच्या नादात चित्र दोन-तीन टक्क्यांनी लहान करतो, आणि तुमचं धड एका प्रमाणात, पंख दुसऱ्याच प्रमाणात तयार होतात. प्रिंट हातात पडली की दुकानातच फूटपट्टी लावा. ३१.७ भरत नसेल तर परत काढायला लावा.

सामान

बाल्सा लाकूड बहुतांशी इक्वेडोरहून येतं, त्यामुळे स्वस्त नाही. एरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत दीड, दोन आणि तीन मिलिमीटरच्या पट्ट्या आणि ३×३ मिमीच्या काड्या मिळतात. घरात किंवा शेजारी कोणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतं का विचारा. तिथे कॅडेट्सना एरोमॉडेलिंग शिकवतात, आणि अशा माणसाच्या कपाटात उरलेला बाल्सा हमखास असतो.

बाकीचं बरंचसं गल्लीत मिळतं. सर्जिकल ब्लेड, ११ नंबरचं, मेडिकलच्या दुकानात. पॉलिश पेपर १५० आणि ३२० नंबरचा, वॉटर पेपर ४०० चा, सँडिंग सीलर, एनसी क्लिअर लॅकर आणि थिनर हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानात. टाचण्या, फेविकॉल, मास्किंग टेप. चाकांसाठी प्लंबरच्या दुकानातल्या रबरी ओ-रिंग. पंखाखालच्या दांड्यांसाठी कबाबच्या बांबूच्या काड्या. खिडक्यांसाठी शर्टाच्या किंवा मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. एक मिलिमीटरची पोलादी तार. आणि एक पाट किंवा सॉफ्टबोर्ड, जो खरंच सपाट आहे. काचेच्या टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. डगमगला तर दुसरा शोधा, कारण पाटाचा बाक जसाच्या तसा विमानात उतरतो.

कागदाबद्दल थोडं. मॉडेलसाठीचा टिशू मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पतंगाचा पांढरा ताव चालतो, पण त्याचा तुकडा आधी एका रिकाम्या चौकटीवर चिकटवून, पाणी मारून बघा. काही ताव छान ताणले जातात, काही सुरकुततात ते सुरकुततातच. रंगीत ताव घेऊ नका, पाणी लागलं की रंग सुटतो.

धडाचा सांगाडा

आराखडा पाटावर पसरा, वर मेणकागद किंवा पातळ प्लास्टिक, म्हणजे फेविकॉल चित्राला धरणार नाही. धडाची डावी आणि उजवी बाजू एकावर एक, एकाच जागी बांधायची. एक बाजू पूर्ण करा, वाळू द्या, वर प्लास्टिक टाका, तिच्याच वर दुसरी. अशाने दोन्ही तंतोतंत जुळतात.

लांब काड्या निवडतानाच निम्मं काम होतं. बाल्साची प्रत्येक काडी वेगळ्या कणखरपणाची असते. एक टोक चिमटीत धरा आणि दुसरं किती झुकतं ते बघा. सारख्या झुकणाऱ्या काड्यांच्या जोड्या लावा. डाव्या बाजूला कडक आणि उजव्या बाजूला मऊ काडी गेली, तर शेपटीकडे दोन्ही बाजू एकत्र ओढताना मऊ काडी जास्त वाकते आणि धड केळ्यासारखं एका बाजूला वळतं. मग ते सरळ करायला कुठलाच उपाय नाही, सोडवून परत बांधावं लागतं.

ब्लेडने एका दमात कापू नका. तीन-चार हलके हात फिरवा. बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चेमटवतं. सांध्यांना फेविकॉलच वापरा. फेविक्विकने काम झटपट होतं हे खरं, पण सांधा एक मिलिमीटर इकडेतिकडे गेला तर तो तसाच राहतो, आणि या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानातले चोवीस.

दोन्ही बाजू वाळल्या की केबिनच्या जागी आडव्या काड्या लावून त्यांची पेटी करा. इथे गुण्या हवाच. पाटावर गुण्या उभा करून प्रत्येक कोपरा तपासा. केबिनची पेटी चोख काटकोनात वाळली की मगच शेपटीची टोकं जवळ आणायची. आराखड्यातली मधली रेघ पाटावर लांबवर ओढून ठेवा आणि शेपटीचं टोक बरोबर त्या रेघेवर बसवा.

नाक

पस मॉथ ओळखू येतं ते नाकावरून. त्यातलं जिप्सी थ्री इंजिन उलटं बसवलेलं आहे, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली लोंबकळणारे. त्यामुळे पायलटला समोरचं चांगलं दिसतं आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, नाकाच्या मधोमध न येता बराच वर येतो. खालचा भाग खोल, हनुवटी पुढे काढल्यासारखा. बहुतेक हौशी मॉडेलांत पंख्याचा आस सवयीने मध्यावर घेतलेला असतो आणि मग चेहराच दुसऱ्या विमानाचा होतो. बाजूच्या आणि समोरच्या अशा दोन्ही चित्रांवर आसाची उंची मोजून घ्या.

नाक भरीव करायचं. तीन मिमीच्या बाल्साचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा बनवा, त्यावर बाजूचं आणि वरचं चित्र उतरवा, आधी ब्लेडने मोठे तुकडे उडवा, मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. आकार आला की ३२०. मग सँडिंग सीलरमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर मिसळून तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर घासणं. खऱ्या विमानात इथे धातूचा पत्रा आहे, तेव्हा लाकडाच्या शिरा एकही दिसता कामा नये. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केली की रंग दिल्यावर प्रत्येक शीर उठून दिसते.

पंखा म्हणजे दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर. इथे एक फसवी गोष्ट आहे. जिप्सीची ही उलटी इंजिनं पायलटच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे समोर उभ्या माणसाला काट्यांच्या दिशेने. बऱ्याच तयार प्रोपेलरचा पीळ याच्या विरुद्ध असतो. सागाच्या कपच्यातून किंवा आइसक्रीमच्या दोन काड्या चिकटवून स्वतः कोरा, आणि कोरण्याआधी पात्यावर पेन्सिलने बाण काढून ठेवा. हवा कापणारी कड जाड आणि गोल, मागची पातळ.

पंख

सगळ्या रिब्ज एका मापाच्या, म्हणून एकेक कापत बसू नका. रिबचा आकार जाड प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या दोन तुकड्यांवर कापून घ्या. दीड मिमी बाल्साचे आयत कापा, त्यांची चवड लावा, दोन्ही टोकांना ते साचे ठेवून लांब टाचण्यांनी पक्कं करा आणि सगळी चवड एकदम घासा. स्पारसाठीच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काडीसाठीच्या, खाचाही तशाच एकदम पाडा. चवड सोडली की एका ओळीत उभ्या करून बघा. एखादी चुकार निघाली तर फेकून द्या, पंखात घालू नका. किती रिब्ज लागतील ते तुमच्या आराखड्यावरून मोजा. पंखाची रुंदी साडेसात सेमीच्या आसपास येते.

प्रत्येक पंख पाटावर, चित्रावर, टाचण्या लावून बांधा. मागची कड, म्हणजे ट्रेलिंग एज, शक्य तितकी पातळ घासून घ्या. जाड कड दिसली की मॉडेल खेळण्यातलं वाटायला लागतं. टोकाची गोलाई बाल्साच्या पातळ पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून, पुठ्ठ्याच्या साच्याभोवती वाकवून, तीन थर चिकटवून केली तर मजबूत होते आणि देखणीही. पंख पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत. रात्री चिकटवला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

खऱ्या पस मॉथचे पंख मागे दुमडता येत, म्हणजे विमान छोट्या शेडमध्ये मावायचं. मॉडेलमध्ये ती करामत करायचा मोह होतो. पहिल्या वेळी टाळा. बिजागरीत थोडी जरी ढिलाई राहिली तर पंख कायम लोंबतात.

शेपटीचे भाग सपाट आहेत, तिथे विशेष काही नाही. दोन मिमीच्या काड्यांची चौकट, कडा गोल घासा. फक्त एलिव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीचे मागचे हलणारे भाग, वेगळे कापून किंचित खाली झुकलेले चिकटवा. उभ्या विमानात ते स्वतःच्या वजनाने असेच पडलेले असतात, आणि एवढ्या एका गोष्टीने मॉडेलमध्ये जीव येतो.

कागद मढवणं

आधी सांगाड्यावरून डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसलेला फेविकॉलचा थेंब बोटाला लागतो. तो घासून टाका. कागदाखाली तो कायम टेंगूळ होऊन राहील.

कागदाला दिशा असते. कोपरा फाडून बघा: एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा. सरळ फाटण्याची दिशा पंखाच्या लांबीला धरून ठेवा. तुकडा सगळीकडून दोन सेमी मोठा कापा. फेविकॉल पाण्याने पातळ करा. पंखाच्या खालच्या बाजूला जिथे रिबचा आकार आत वळतो, तिथे प्रत्येक रिबला गोंद लावावा लागतो, नाहीतर कागद वर उचलला जातो. वरच्या बाजूला फक्त चौफेर कडेला. आधी दोन टोकांना हलका ताण द्या, मग मधल्या रिबपासून सुरुवात करून पुढची-मागची कड आळीपाळीने ओढत बाहेर सरका. या टप्प्याला कागद ढोलाच्या चामड्याइतका ताठ करायचा नाही. मोठ्या सुरकुत्या नसल्या म्हणजे झालं. बारीक लाटा पाणी काढून टाकतं. टोकाच्या गोलाईवर एकाच तुकड्याने काम भागत नाही, तिथे वेगळा तुकडा लावा.

गोंद पूर्ण वाळला की इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायच्या बाटलीतून पाण्याचा धुरळा, थेंब नव्हे. कागद आधी सैल पडतो, घाबरू नका. वाळताना तो आवळत जातो आणि इथेच पंखाला पीळ बसतो. म्हणून ओला पंख लगेच पाटावर, खाली काड्यांचे तुकडे ठेवून, कडांना टाचण्या आणि वजन लावून दाबून ठेवायचा. हवा खालूनही खेळली पाहिजे. एक रात्र तसाच. डोपच्या प्रत्येक हातानंतरही हेच.

डोप म्हणजे एनसी लॅकर आणि थिनर निम्मं-निम्मं. दोन पातळ हात पुरतात. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको. वास डोक्यात जातो, मास्क लावा. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लॅकर वाळताना पांढुरकं पडतं. पडलंच तर कोरड्या, उन्हाच्या दुपारी वरून नुसत्या थिनरचा एक हलका हात फिरवला की बहुतेक वेळा निवळतं.

जुळणी

केबिनच्या छपरातून बांबूच्या दोन काड्या आरपार घाला आणि त्यांवर दोन्ही पंख सरकवा, न चिकटवता. आता मोजमाप. उजव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा लावा, तोच दोरा डावीकडे. सारखा भरला पाहिजे. टोकांची पाटापासूनची उंची दोन्हीकडे सारखी. मग मागे जाऊन, एक डोळा मिटून, शेपटीची आडवी रेघ पंखाच्या रेघेशी समांतर आहे का बघा. तिन्ही जमलं की चिकटवा. नाही जमलं तर काय चुकलंय ते शोधा; नुसतं ओढून धरून चिकटवू नका, महिन्याभरात ते मूळ जागी परत जातं.

पंखाखालच्या व्ही आकाराच्या दांड्या बांबूच्या, पुढून गोल, मागून निमुळत्या घासलेल्या. त्या अर्धा मिमी जास्त लांब कापा आणि घासत घासत मापात आणा. आखूड दांडीला भेटायला पंख खाली ओढला की झालंच. इथे फोटो कुठल्या सालचा आहे ते बघायला हवं. सुरुवातीच्या काळात पस मॉथचे पंख हवेतच मोडून अनेक अपघात झाले आणि चौकशीनंतर पुढच्या दांडीला आधार देणारी एक छोटी तिरकी दांडी बसवण्यात आली. म्हणून नंतरच्या सालांतल्या किंवा संग्रहालयातल्या विमानाचा फोटो बघून १९३२ च्या विमानावर दांड्या लावू नका.

खिडक्या चिकटवायला फेविक्विक चालत नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूर बसतो आणि तो जात नाही. इथेही फेविकॉल. आणि अर्थात, आत सीटा बसवून मगच खिडक्या.

चाकांची जोडणी तारेची. तार केबिनखालच्या प्लायच्या तुकड्याला दोऱ्याने घट्ट गुंडाळून, वर गोंद. तारेवर बाल्साची पट्टी चढवून तिला पात्यासारखा आकार द्या. या पात्यांची एक गंमत आहे: खऱ्या विमानात पायलट ही आवरणं ९० अंशांत फिरवू शकायचा. रुंद बाजू वाऱ्यासमोर आली की ती ब्रेकचं काम करायची, कारण पंखांना फ्लॅप्स, म्हणजे उतरताना वेग कमी करायच्या झडपा, नव्हतेच. मॉडेलमध्ये ती आडवी, ब्रेक लावलेल्या अवस्थेत बसवा. जाणकार माणूस तिथेच थांबून वाकून बघतो. शेपटीला चाक नाही, फक्त घसरपट्टी, म्हणजे स्किड.

रंग आणि अक्षरं

कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. त्या काळच्या बऱ्याच फिल्म लाल रंगाला दाद देत नसत, त्यामुळे तांबडं विमान फोटोत जवळजवळ काळं दिसतं. पंखांना चंदेरी रंग द्या. कापडाचं उन्हापासून रक्षण व्हावं म्हणून डोपमध्ये ॲल्युमिनियमची पूड मिसळायची तेव्हा रीतच होती. धडाचा रंग तुमच्या आवडीने घ्या आणि खालच्या पाटीवर 'धडाचा रंग अंदाजे' असं लिहून टाका. यात कमीपणा काही नाही. छातीठोकपणे चुकीचा रंग देण्यापेक्षा ते बरं.

चंदेरी रंग ब्रशने दिला की हात दिसतात. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला स्प्रे घ्या, फूटभर लांबून, अगदी पुसट थरांत. जवळून मारलात तर त्यातलं सॉल्व्हंट खालचा डोप विरघळवतं आणि कागद ढिला पडतो.

अक्षरांसाठी मास्किंग टेपवर अक्षर कापा, चिकटवा, आणि काळा रंग देण्याआधी कडांवरून खालचाच चंदेरी रंग एकदा फिरवा. टेपखाली शिरायचा तो चंदेरीच शिरतो, मग काळ्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. अक्षरांची उंची फोटोतल्या धडाच्या उंचीशी ताडून ठरवा. जाडी सगळीकडे सारखी, कोपरे काटकोनी. संगणकावरचा कुठलाही शोभेचा फॉन्ट इथे उपरा दिसतो.

खालची जमीन

ही ऐच्छिक. पण करणार असाल तर एकच गाव निवडा. अहमदाबादला इंधन चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आलं होतं. ते चौकोनी डबे, आपल्याकडच्या जुन्या घरांत रॉकेलचे म्हणून माहीत असलेले, या प्रमाणात एक सेमी रुंद आणि दीड सेमीच्या आत-बाहेर उंच येतात. बैलगाडी जुहूच्या देखाव्यात घालू नका. जुहूला त्या वेळी झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी आणि सपाट खाजण होतं, डांबरी धावपट्टी नव्हे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांचं हे सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि विमानं येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उडायची. पुण्याच्या वाचकांनी तो देखावा करावा असं मला फार वाटतं. ओलं गवत, मागे दगडी भिंत, बाजूला टपालाच्या दोन थैल्या. पहिल्या फेरीचं टपाल सगळं मिळून २५ किलोंच्या आसपास होतं, तेव्हा थैल्यांचा डोंगर रचू नका. शेजारी माणूस उभा करायचा तर तो सात सेमीचा.

मॉडेल काचेच्या पेटीत ठेवा. उघड्यावर धूळ बसते आणि कागदावरची धूळ पुसता येत नाही, मऊ ब्रशने उडवावी लागते. थेट ऊन नको, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

पुढचं विमान म्हणून लेपर्ड मॉथ घेतलंत तर निमुळत्या पंखाच्या रिब्ज शिकाल. साच्यांच्या जोडीत मोठा आणि छोटा असे दोन वेगळे साचे घेऊन तीच चवडीची युक्ती तिथेही चालते. फॉक्स मॉथ, ज्यात प्रवासी बंद केबिनमध्ये आणि पायलट बिचारा त्यांच्या मागे उघड्यावर बसायचा, ते मात्र दोन पंखांचं आहे. दोन पंख, मधल्या दांड्या आणि तारा एकाच वेळी सरळ रेषेत आणायच्या असतात. ते तिसऱ्या खेपेला घ्या.